अच्युत कानविंदे : प्रयोगशाळेपासून मंदिरापर्यंत

मुंबईतल्या वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहिले नाही, असा शाळकरी विद्यार्थी शहरात क्वचितच सापडेल. शाळेच्या सहलींनी गजबजलेल्या या वास्तूचा रचनाकार कोण, असे विचारले तर मात्र उत्तर देणारे थोडेच निघतील. कानपूरच्या आयआयटीचा परिसर, गुजरातेत मेहसाणा येथील दूधसागर डेअरी, दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र आणि त्याच शहरातले इस्कॉनचे मंदिर ही सारी कामे ज्या एका वास्तुविशारदाच्या नावावर आहेत, ते अच्युत पुरुषोत्तम कानविंदे मूळचे कोकणातले. स्वातंत्र्योत्तर भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. १९७४ साली त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले. तरीही महाराष्ट्रात त्यांचे नाव वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे पोहोचलेले नाही.

याचे एक कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपातच आहे. कानविंदे यांनी प्रामुख्याने संस्थांसाठी इमारती बांधल्या. प्रयोगशाळा, विद्यापीठे, दुग्धप्रकल्प, संग्रहालये यांत माणसे काम करण्यासाठी, शिकण्यासाठी येतात. इमारत पाहण्यासाठी सहसा येत नाहीत. आत येणाऱ्याला वाट सापडावी, वारा लागावा, उजेड पुरावा आणि काम सुरळीत चालावे, ही त्यांची यशाची कसोटी होती. अशी कसोटी लावून घेणाऱ्याची कारकीर्द डोळ्यांत भरण्याजोगी नसते. तिचा मोठेपणा वापरणाऱ्याच्या सोयीत मुरलेला असतो.

आचरे ते जे. जे.

कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आचरे येथे झाला. रामेश्वराचे देवस्थान आणि गावपळणीची प्रथा यांसाठी ओळखले जाणारे हे गाव त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते; आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात येते. अच्युत दोन वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. वडील मुंबईत कलाशिक्षक होते आणि व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे काढीत. घरातच रेखाटनाचे वातावरण असल्याने मुलाचा ओढा कलेकडे असणे स्वाभाविक होते. १९३५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात प्रवेश घेतला.

त्या विभागाची धुरा तेव्हा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाकडे होती. बॅटली मुंबईत व्यवसायही करीत आणि शिकवीतही. परदेशी नमुने डोळे मिटून गिरवण्यापेक्षा इथल्या जुन्या इमारतींची प्रत्यक्ष मोजमापे घ्यावीत आणि इथल्या हवामानाला त्यांनी दिलेले उत्तर समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. वाड्याची ओसरी, खिडकीवरचा छज्जा, दगडी जाळी या गोष्टी शोभेच्या नसून त्यांना काही काम नेमून दिलेले असते, हा धडा त्या पिढीला जे. जे.मध्ये मिळाला. पुढे कानविंदे यांच्या रचनांमध्ये तो वेगळ्या रूपात प्रकट झाला.

ग्रोपिअस यांच्या वर्गात

१९४५ साली भारत सरकारने कानविंदे यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठवले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपत होते आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला तंत्रज्ञ व रचनाकार यांची मोठी गरज भासणार होती. हार्वर्डच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते वॉल्टर ग्रोपिअस. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे 'बाउहाउस' ही प्रख्यात कलासंस्था स्थापन करणारे ग्रोपिअस नाझी राजवटीत देशाबाहेर पडून अमेरिकेत स्थिरावले होते. पुढे जगभर नावाजले गेलेले आय. एम. पै आणि पॉल रुडॉल्फ हेही त्याच सुमारास तिथे शिकत होते.

ग्रोपिअस यांच्या शिकवणीत दोन सूत्रे महत्त्वाची होती. इमारतीचा आकार तिच्या उपयोगातून आणि बांधणीच्या पद्धतीतून निघावा, हे पहिले. आधुनिक काळातली इमारत एकट्या प्रतिभावंताच्या हातून उभी राहत नाही; वास्तुविशारद, अभियंते, तंत्रज्ञ यांच्या एकत्रित कामातून ती घडते, हे दुसरे. १९४५ मध्येच ग्रोपिअस यांनी तरुण सहकाऱ्यांसोबत सामूहिक तत्त्वावर चालणारे एक वास्तुकार्यालय सुरू केले होते. कानविंदे यांनी ही दोन्ही सूत्रे आत्मसात केली. पहिल्याने त्यांच्या इमारतींना रूप दिले, तर दुसऱ्याने त्यांच्या व्यावसायिक जीवनाला.

प्रयोगशाळेने शिकवलेला हिशेब

१९४७ साली मायदेशी परतल्यावर कानविंदे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजेच 'सीएसआयआर'मध्ये, वास्तुविशारद म्हणून काम करू लागले आणि पुढे मुख्य वास्तुविशारद झाले. डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली परिषद देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांचे जाळे विणत होती. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा या दोन्ही १९५० च्या आरंभी सुरू झाल्या. विज्ञानाच्या आधारे देश उभारण्याचे पंडित नेहरूंचे स्वप्न विटा-सिमेंटात उतरवण्याचे ते दिवस होते.

प्रयोगशाळेची इमारत हा वास्तुविशारदाच्या परीक्षेचा विषय असतो. पाणी, वीज, गॅस आणि सांडपाणी प्रत्येक टेबलापर्यंत न्यावे लागते. विषारी वाफा बाहेर काढाव्या लागतात. उजेड भरपूर हवा. पण उपकरणांवर थेट ऊन येऊन चालत नाही. शिवाय आज ज्या खोलीत एक प्रयोग चालतो, तिथे पाच वर्षांनी वेगळेच यंत्र येते. म्हणून दोन टेबलांमधले अंतर, त्यावरून खांबांमधले अंतर आणि त्यावरून सबंध इमारतीची मांडणी असा हिशेब करावा लागतो. खांबांची जाळीसारखी समान अंतराची चौकट आखली की आतल्या भिंती हलवता येतात आणि गरजेप्रमाणे इमारत वाढवताही येते. ही चौकट कानविंदे यांच्या विचारपद्धतीचा कणा ठरली. विद्यापीठ असो वा संग्रहालय, तिच्या आधारे त्यांनी पुढची अनेक कामे मांडली.

याच काळात अहमदाबाद त्यांच्या कामाचे महत्त्वाचे केंद्र बनले. कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या 'अटिरा' या संस्थेची इमारत आणि डॉ. विक्रम साराभाई यांनी उभारलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची इमारत त्यांनी रचली. लांबट, सरळ, अलंकरण टाळणाऱ्या या इमारतींवर ग्रोपिअस यांच्या शिकवणीची छाप स्पष्ट दिसते. ल कॉर्ब्युझिए आणि लुई कान यांच्या इमारतींमुळे अहमदाबाद पुढे आधुनिक वास्तुकलेची पंढरी ठरले. त्या वाटेवर अगदी सुरुवातीला पाऊल टाकणाऱ्यांत कानविंदे होते.

स्वतंत्र व्यवसाय

सरकारी संस्थेतले मुख्य वास्तुविशारदाचे पद स्थिर आणि प्रतिष्ठेचे होते. तरीही १९५५ साली कानविंदे यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत 'कानविंदे अँड राय' ही वास्तुसंस्था सुरू केली. पुढे मोराद चौधरी भागीदार झाले आणि संस्था 'कानविंदे, राय अँड चौधरी' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशात तेव्हा सरकारी बांधकामांचा मोठा वाटा सार्वजनिक बांधकाम खात्यांकडे असे. खासगी कार्यालयाने एखाद्या राष्ट्रीय संस्थेचा सबंध परिसर आखावा, ही कल्पना रुळायची होती.

वास्तुसंस्थेतल्या ज्येष्ठ वास्तुविशारदाचे काम केवळ चित्रे काढण्याचे नसते. ग्राहकाची गरज त्याच्याकडून नेमकी काढून घेणे, जागेचा उतार, माती, वारा तपासणे, अभियंत्यांशी खांब-तुळयांचा मेळ घालणे, नळ आणि तारा कुठून जातील ते आधी ठरवणे, अंदाजपत्रक सांभाळणे आणि शेवटी कागदावरचे काम गवंड्याच्या हातून तसेच उतरते आहे की नाही हे पाहणे, या साऱ्यांची जबाबदारी त्याच्यावर असते. मोठा परिसर पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागतात. तेवढ्या काळात ग्राहकसंस्थेतले अधिकारी बदलतात, निधी कमी-जास्त होतो, गरजा पालटतात. मूळ विचार टिकवून तपशिलात लवचिक राहण्याचे कसब ज्याला साधते, त्यालाच असे काम तडीस नेता येते. कानविंदे यांच्या संस्थेने ते पुन्हा पुन्हा नेले.

शैली कोणी ठरवावी?

१९५० च्या दशकात वास्तुकलेपुढे एक मोठा वाद उभा होता. स्वतंत्र भारताच्या इमारती कशा दिसाव्यात? बेंगळुरूचे विधानसौध १९५६ मध्ये घुमट, कमानी आणि मंदिरांतल्या अलंकरणासह पूर्ण झाले, तर चंडीगडमध्ये ल कॉर्ब्युझिए उघड्या काँक्रीटची राजधानी उभारत होते. जुन्या वैभवाची आठवण देणारी 'राष्ट्रीय शैली' सरकारने ठरवून द्यावी काय, असाही प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर चर्चासत्र घेतले. त्याच्या आयोजनात कानविंदे यांचा पुढाकार होता आणि त्यातील निबंधांचे संपादनही त्यांनी केले. उद्घाटनाच्या भाषणात पंडित नेहरूंनी चंडीगडचा पुरस्कार केला. ते शहर आवडो वा न आवडो, माणसाला विचार करायला लावते, असा त्यांचा मुद्दा होता. शैली वरून लादता येत नाही, ती हवामान, साहित्य, तंत्र आणि समाजाची गरज यांतून घडते, ही कानविंदे यांची भूमिका त्यांच्या साऱ्या कामातून दिसते. हा निव्वळ तात्त्विक वाद नव्हता. शैलीचे सरकारी नियम झाले असते, तर पुढच्या पिढीच्या वास्तुविशारदांना प्रत्येक नकाशासाठी त्या नियमांच्या दारात उभे राहावे लागले असते.

कानपूरचा परिसर

कानविंदे यांच्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आयआयटी कानपूर. ही संस्था १९५९ साली शहरातील हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या आवारात उसन्या जागेत सुरू झाली आणि १९६३ मध्ये कल्याणपूर येथील स्वतःच्या परिसरात गेली. पहिले संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. संस्थेची शैक्षणिक घडी बसवणारे केळकर आणि तिला जागेवर उभे करणारे कानविंदे, अशी दोन मराठी माणसे उत्तर प्रदेशातल्या या संस्थेच्या पायाशी आहेत. अमेरिकेतील नऊ विद्यापीठांचे साहाय्य १९६२ पासून दहा वर्षे संस्थेला मिळत होते.

उत्तर भारतातला उन्हाळा कडक, थंडी बोचरी आणि पावसाळा मुसळधार. अशा ठिकाणी वर्गातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून प्रयोगशाळेत दिवसभर पायी ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवून कानविंदे यांनी आखणी केली. व्याख्यानगृहे, ग्रंथालय, प्राध्यापकांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा उंचावरच्या लांब, छपराखालच्या मार्गिकांनी जोडल्या. वाहने कडेने फिरतात, माणसे मधून चालतात. काँक्रीटच्या खांब-तुळयांचा सांगाडा उघडा ठेवून मध्ये विटांचे काम केले. गिलाव्याने काहीच झाकले नाही. विटा स्थानिक, कारागिरी स्थानिक आणि रचना मात्र पूर्णपणे आधुनिक, असा मेळ येथे जमला. हार्वर्डहून आणलेले तत्त्व भारतीय मातीत रुजल्याची खूण म्हणून या परिसराकडे पाहिले जाते. ग्रंथालयाला आज डॉ. केळकर यांचे नाव आहे.

या अनुभवातून १९६९ साली एच. जेम्स मिलर यांच्यासह लिहिलेला 'कॅम्पस डिझाइन इन इंडिया' हा ग्रंथ आला. विद्यापीठाची जागा कशी निवडावी, वसतिगृहे आणि वर्ग यांत किती अंतर असावे, भविष्यातील वाढीला वाव कसा ठेवावा, अशा प्रश्नांचा त्यात पद्धतशीर विचार आहे. देशात नवी विद्यापीठे भराभर निघत असताना हा विषय हाताळणाऱ्या पुस्तकांची वानवा होती.

दूध, वारा आणि काँक्रीट

मेहसाणा येथील दूधसागर डेअरीचे काम १९७० च्या दशकाच्या प्रारंभीचे. धवलक्रांतीच्या त्या काळात सहकारी दुग्धसंघांचे संकलन झपाट्याने वाढत होते. दूध तापवणे, आटवणे, त्याची भुकटी करणे या प्रक्रियांत प्रचंड उष्णता आणि वाफ निर्माण होते. त्यात उत्तर गुजरातचा उन्हाळा. कानविंदे यांनी इमारतीच्या माथ्यावर वायुवीजनाचे उंच मनोरे उभे केले. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि मनोऱ्यांतून बाहेर पडते, खालून तुलनेने थंड हवा आत ओढली जाते. दुरून किल्ल्याच्या बुरुजांसारखे दिसणारे हे मनोरे मुळात कारखान्याची धुराडी आणि झरोके यांचेच काम करतात. गरजेतून आकार कसा निघतो, याचे इतके सरळ उदाहरण दुर्मीळच.

नेहरू विज्ञान केंद्रात आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात हा विचार वेगळ्या वळणाने पुढे गेला. वरळीचे केंद्र टप्प्याटप्प्याने उभे राहिले आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दिल्लीचे केंद्र १९९२ साली खुले झाले. पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे घनाकार, त्यांच्यामधून आत झिरपणारा उजेड आणि एका दालनातून दुसऱ्यात सहज नेणारी वाट ही या इमारतींची वैशिष्ट्ये होत. मुलांच्या झुंडी आत सोडल्या तरी वाट चुकू नये, ही गरज येथे महत्त्वाची होती. भारतीय वास्तुविशारद संस्थेचे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक १९८५ मध्येच कानविंदे यांना मिळाले.

देवालयाचा प्रश्न

आयुष्यभर विज्ञानाच्या इमारती बांधणाऱ्या कानविंदे यांनी उतारवयात मंदिराचे काम हाती घेतले, याचे अनेकांना नवल वाटते. दिल्लीच्या ईस्ट ऑफ कैलाश भागातील इस्कॉनचे राधा-पार्थसारथी मंदिर एप्रिल १९९८ मध्ये खुले झाले. देवळाला शिखर, गर्भगृह, सभामंडप असा ठरलेला साचा असताना उपयोगावर भर देणाऱ्या वास्तुविशारदाने काय करायचे?

परंपरेकडे नीट पाहिले तर तो साचा वाटतो तितका घट्ट नाही. महाराष्ट्रातच याचे टोकाचे उदाहरण आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे देवाला ना गाभारा, ना शिखर, ना छप्पर. सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस झेलत उभी आहे आणि तिच्यावरील श्रद्धेपोटी गावातल्या घरांनाही परंपरेने दारे-कुलपे लावली जात नसत. वास्तुकलेच्या भाषेत सांगायचे, तर तिथे चौथरा हेच देवालय आणि नुसती चौकट हेच दार. देवस्थान म्हणजे ठरावीक आकार नव्हे. भक्त आणि दैवत यांच्यातले नाते जागेत मांडणे म्हणजे देवस्थान, हे शिंगणापूर सांगते.

दिल्लीत गरज नेमकी उलट होती. शिखरांशिवाय मंदिर ही कल्पना तिथल्या भक्तांना पटणारी नव्हती. कानविंदे यांनी शिखरे ठेवली. पण जुन्या मंदिरांची नक्कल टाळली. टेकडीच्या चढाचा लाभ घेऊन पायऱ्यांनी वर नेणारी वाट, मोठ्या समुदायाला सामावणारा मंडप आणि सोबत प्रदर्शनाची व इतर कामांची दालने, असा संकुलाचा विचार त्यांनी केला. काटकोनातली भूमिती, उजेडाचे भान आणि माणसांच्या वाटांचा हिशेब हे त्यांचे जुने गुण येथेही टिकून आहेत. त्यामुळे हे मंदिर त्यांच्या कारकिर्दीला अपवाद न ठरता तिचाच पुढचा टप्पा ठरते.

मागे उरलेले काम

२८ डिसेंबर २००२ रोजी कानविंदे यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचा आढावा घेणारा 'आकार' हा ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०२२ मध्ये दक्षिण आशियातील स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेवर भरवलेल्या प्रदर्शनात त्यांच्या कामाचाही समावेश होता.

मात्र परदेशात गौरव होत असताना देशात या पिढीच्या इमारतींचे भवितव्य अनिश्चित आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातील 'हॉल ऑफ नेशन्स' ही राज रेवाल आणि महेंद्र राज यांची १९७२ ची जगप्रसिद्ध रचना एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली. दिल्लीत वारसा म्हणून विचार होण्यासाठी इमारत किमान साठ वर्षांची असावी, हा निकष तिच्या आड आला. अहमदाबादच्या आयआयएममधील लुई कान यांची वसतिगृहे पाडण्याचा मनोदय २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा जगभरातून विरोध उमटला. कानविंदे यांच्या इमारतींना असे जागतिक नावाचे कवचही नाही. उघडे काँक्रीट पावसाळी हवेत देखभालीविना राहिले, की आतल्या सळया गंजतात आणि पापुद्रे सुटू लागतात. खिडक्यांतून वातानुकूलन यंत्रे बसतात, झरोके बुजवले जातात, मोकळ्या मार्गिकांत खोल्या काढल्या जातात. अशा वेळी इमारत उभी राहते, पण तिच्यामागचा विचार पुसला जातो.

यावरचा उपाय इमारतींना काचेच्या पेटीत ठेवण्याचा नव्हे. कानविंदे यांनी त्या बदलण्यासाठीच बांधल्या होत्या. भिंती हलाव्यात, दालने वाढावीत, हे त्यांच्या चौकटीने गृहीत धरले होते. गरज आहे ती दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याने मूळ नकाशे आधी उघडून पाहण्याची. वारा कुठून येतो आणि कुठून बाहेर जातो, एवढे समजून बदल केला तरी इमारत आपले काम करीत राहते. विजेचा खर्च आणि उन्हाळ्याचा ताप दोन्ही वाढत असलेल्या आजच्या शहरांना तर मेहसाण्याच्या त्या मनोऱ्यांकडून अजून बरेच शिकता येण्याजोगे आहे.